हिरडीपर्यंतचा पाला

फार पूर्वी, म्हणजे मुंग्या आजच्यापेक्षा जाड आणि माणसं आजच्यापेक्षा भोळी होती तेव्हा, नदीच्या वळणावर एक गाव होतं. गावाभोवती ऊस, उसात गुऱ्हाळं आणि गुऱ्हाळांत गूळ. गाव इतकं गोड की तिथल्या विहिरीच्या पाण्यात बायका पुरणाची डाळ शिजवत आणि गूळ न घालताच पुरण वाटायला घेत. रस्त्यावर पाऊल टाकलं की वहाण चिकटून बसायची, म्हणून त्या गावात वहाण चोरीला गेल्याचं कधी कुणी ऐकलं नाही. चोर बिचारे ओढून ओढून दमायचे आणि गूळपाणी पिऊन परत जायचे.

पण गोडाची एक खोड असते. ते जिभेची पाठ थोपटतं आणि दाताची मुळं खणतं. त्या गावात धड दाताचं माणूस शोधायचं तर पाळण्यातच शोधावं लागे, आणि तिथे दातच नसत. मुलगी बघायला पाहुणे आले की दोन्हीकडची मंडळी तोंडाला पदर आणि उपरणं लावून बसायची. कुणी हसायचं नाही. त्यामुळे लग्नं फार गंभीरपणे ठरायची आणि पुढेही तशीच चालायची.

या गावात एक बाई होती. तिला मागं-पुढं कुणी नव्हतं. दारात एक पेरूचं झाड तेवढं होतं. गाव तिला पेरूआक्का म्हणायचं. आता कुणाला वाटेल, पेरूवरून म्हणत असतील. तर तसं नाही. त्या झाडाला पेरू लागायचे ते पोपटांसाठी. आक्काची सगळी कीर्ती होती ती पानांवर.

कुणाची हिरडी सुजली, दात घासताना रक्त आलं, तोंड आलं, तोंडाला वास मारायला लागला, की ते माणूस गाल धरून आक्काच्या अंगणात हजर. आक्का झाडाची कोवळी पानं मूठभर खुडायची, धुवायची, मिठाचा खडा टाकून पाणी निम्मं होईपर्यंत उकळायची आणि गाळून, कोमट करून तांब्या पुढ्यात ठेवायची. चूळ भरायची, गालांत खेळवायची आणि थुंकायची. ज्याला तेवढा धीर नसेल त्यानं दोन कोवळी पानं चावून तो तुरट रस हिरड्यांवर फिरवायचा. काही दिवस नेमानं केलं की हिरडी बसायची, रक्त थांबायचं आणि माणूस पुन्हा शेजाऱ्याच्या तोंडाशी तोंड नेऊन चहाड्या सांगायला मोकळा व्हायचा. एकदा म्हणे पाटलांच्या बैलानं आक्काच्या तांब्यात तोंड घातलं, तर तो त्यानंतर गावातल्या प्रत्येक गाईकडे बघून दात दाखवायला लागला.

आक्का कुणाकडून काही घ्यायची नाही. मात्र गावाची एक रीत होती. ज्याला आराम पडला त्यानं गुळाचा खडा घेऊन यायचं. आक्का तो फोडायची, अर्धा आपल्या तोंडात, अर्धा त्याच्या. दुखणं गेलं, तोंड गोड करा. रीत कुणी घातली ते ठाऊक नव्हतं, पण ती मोडली तर आलेला आराम परत जातो असं गाव मानायचं. रीत कुणी मोडत नव्हतं आणि तरीही आराम परत जायचा, याचा विचार करायला मात्र कुणाला सवड नव्हती. दुखणं परतलं की लोक पुन्हा अंगणात यायचे आणि आक्काला त्याचा आनंदच व्हायचा. एकट्या बाईचं घर, पण सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नसे. कुणी चूळ खेळवतंय, कुणी आपली पाळी येईपर्यंत सुनेचं गाऱ्हाणं सांगतंय, कुणी नुसतंच बसलंय. सुजल्या गालाशेजारी सुजला गाल बसला म्हणजे दुखणंही बोलकं होतं.

नदीपलीकडे बाजाराचं गाव होतं. तिथे एक पक्कडवाला बसायचा. जमिनीवर फडकं पसरून त्यावर उपटलेले दात मांडलेले आणि हातात पक्कड. आक्काचं आणि त्याचं भांडण झालेलं नव्हतं, कारण त्यांची गाठच पडलेली नव्हती. पण अंगणात रोज माणसं बसायची आणि माणसांना गोष्ट लागते. मग आक्का सांगायची, की त्या पक्कडवाल्यानं जन्मात एकदाच बरोबर दात काढला आणि तो नेमका त्याचा स्वतःचा होता. एकाचा दात म्हणून त्यानं कान ओढला आणि तो कान अजून लांब आहे. एका म्हातारीच्या तोंडात एकच दात उरला होता, तोही त्यानं चुकवला. लोक पदराआड खिदळायचे. आक्काला चेव यायचा आणि दुसऱ्या दिवशी कान आणखी वीतभर लांब व्हायचा.

अंगणात सगळ्यांत जास्त येणारा माणूस होता गावाचा गुळव्या. काहिलीतला, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईतला रस कधी पिवळा होतो, कधी फुगतो, कधी उतरवायचा, हे तो नुसत्या वासावरून सांगायचा. हात कुशल, बोलणं मवाळ. त्याची उजवीकडची एक दाढ वर्षानुवर्षं कुरकुरत होती. दुखली की तो यायचा, चूळ भरायचा, आराम पडायचा, गुळाचा खडा घेऊन यायचा, दोघं खायचे आणि थोड्याच दिवसांत दाढ पुन्हा त्याला हाताला धरून आणायची. तो म्हणायचा, आक्का, ही दाढ नसती तर तुझं अंगण मला ठाऊकही झालं नसतं. बायकोनं केलेली चटणी तो आक्काला आणून द्यायचा, पावसाळ्याआधी तिचं छप्पर शाकारून द्यायचा. सख्ख्या भावानं करावं तसं सगळं करायचा, फक्त बोलून दाखवायचा नाही.

एका वर्षी ऊस असा वाढला की बगळ्यांना वरून उडताना वळसा घालावा लागायचा. गुऱ्हाळं पेटली. पाटलांचा ऊस तोडून गाड्या गुऱ्हाळाशी येऊन लागल्या. तुटलेला ऊस वाट बघत नाही, उन्हात आंबायला लागतो. नेमक्या त्याच सकाळी गुळव्या आक्काकडे आला तो गालावर जणू कुणी पेरू ठेवून वरून कातडं ओढलंय अशा तोंडानं.

आक्कानं पाला उकळला. चुळा झाल्या, ठणका थोडा उतरला. पाटलांचा माणूस दारात उभाच होता. त्यानं विचारलं, होईल ना कामाला? आणि आक्का सवयीनं म्हणून गेली, होईल की. गुळव्या गेला, दिवसभर काहिलीच्या आचेपुढं उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत त्याचा डोळा सुजेत बुडाला.

दुसऱ्या दिवशी त्याला हाताला धरून आणावं लागलं. अंग तापलेलं होतं, तोंड नीट उघडत नव्हतं, थुंकी गिळताना तो डोळे मिटत होता. मागोमाग खुद्द पाटील आले, त्यांच्या मागून गाव. कुणी आधीच झाडाला हात घातला होता आणि फांद्या ओरबाडून पाल्याचा ढीग केला होता. मूठभरानं होत नसेल तर पाटीभर उकळू, असं गावाचं गणित. पाटलीणबाई म्हणाल्या, लेप घाला. कुणी म्हणालं, पाला वाटून गिळायला द्या. एकानं तर गुळव्याला झाडाखालीच निजवावं असं सुचवलं, म्हणजे पानं आपोआप तोंडात पडतील.

आक्कानं सगळ्यांना मागं सारलं, त्याचं तोंड उन्हाकडे वळवलं आणि बोटानं ओठ हलकेच बाजूला केला. दाढ आतून पोखरून काळी झाली होती, नुसती वाटी उरली होती. तिच्या बुडाशी हिरडी तटतटून पिवळी पडली होती. आक्कानं गालाला हात लावला. तव्यासारखा तापला होता तो आणि सूज जबड्याखालून गळ्याकडे उतरत होती.

तिला कळलं. खरं तर कालच कळलं होतं, पण काल तिनं त्या कळण्याला बसायला पाट दिला नव्हता. पाला हिरडीवर चालतो. दाढेच्या मुळाशी साचलेल्या पुवापर्यंत तो पोचत नाही, तांब्याभर ओता नाहीतर घागरभर ओता. ही दाढ निघायला हवी होती, आणि ती काढणारा हात एकच होता, नदीपलीकडचा.

मागून पाटील विचारत होते, "आक्का, होईल ना? तू हो म्हण, की आम्ही निश्चिंत. आजची काहील तेवढी उतरू दे."

आक्कानं मागं वळून पाहिलं. अंगण भरलेलं होतं, तिच्या आयुष्यात कधी नव्हतं इतकं. सगळ्यांचे डोळे तिच्यावर. इतकी वर्षं ज्याच्या नावानं हसवलं त्याच्याकडे जा, असं या माणसांना सांगायचं? आणि मग उद्या सकाळी या अंगणात कोण येणार? चिमण्या?

एवढ्यात गुळव्यानं तिचा पदर ओढला. ती खाली वाकली तसा तो दातांवर दात न टेकवता पुटपुटला, "तू होईल म्हण, आक्का. मी सोसतो."

"का रे सोसतोस?"

"मी पक्कडवाल्याकडे गेलो तर गाव म्हणेल, आक्काचा पाला गेला. तुझ्याकडे मग कोण येईल बोलायला?"

ज्या अंगणाची आक्का काळजी करत होती, त्याच अंगणासाठी हा माणूस जीव द्यायला निघाला होता. आणि जीव गेल्यावर अंगण ठेवून करायचं काय?

ती उठली, पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "होणार नाही. माझा पाला हिरडीपर्यंत. आतला पू माझ्यानं निघायचा नाही. काल मी होईल म्हणाले, ते चुकले. गाडी जुंपा, याला पक्कडवाल्याकडे न्यायचंय. मी येते बरोबर."

वरचा पोपट पेरू खायचा थांबला. मग कुजबुज सुरू झाली. पाटलीणबाई शेजारणीला म्हणाल्या, इतकी वर्षं आपण नुसतं मिठाचं पाणी थुंकत होतो म्हणायचं. कुणी पाल्याच्या ढिगाला पायानं बाजूला केलं. पाटलांनी ऊस आंबेल म्हणून एकदा कुरकुर केली, पण गुळव्याचा चेहरा बघून स्वतःचाच छकडा पुढं आणवला. आक्का त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि वाटेत प्रत्येक खड्ड्याला गाडीवानाची सात पिढ्यांची विचारपूस करत राहिली.

पक्कडवाल्याला आक्कानं पहिल्यांदाच पाहिलं. तिच्या गोष्टींमध्ये तो राक्षसाएवढा होता. इथे बघते तर किरकोळ बांध्याचा, जाड भुवयांचा, मांजराला दूध पाजत बसलेला माणूस. ती खाली उतरली. आधी कामाचं बोलावं म्हणून तिनं दाढेचं सगळं सांगितलं, आणि मग न विचारताच आपण कोण तेही सांगून टाकलं.

"ओळखलं," तो म्हणाला. "त्या लांब कानवाल्याची गोष्ट तुमचीच ना? बाजारात आली ती, चांगली आहे. मी सांगताना दोन्ही कान लांब करतो."

आक्काला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. पण पक्कडवाल्याला तिच्या लाजेशी खेळायला वेळ नव्हता. त्यानं गुळव्याचा गळा चाचपला, कपाळाला आठी घातली आणि म्हणाला, उद्या आणला असता तर माझ्याकडे कशाला, परत न्यायला चौघांना घेऊनच यावं लागलं असतं. पक्कड उकळत्या पाण्यात बुडवली, लवंगेच्या तेलाचा बोळा लावला आणि आक्काला सांगितलं, डोकं घट्ट धरा आणि कसली तरी गोष्ट सांगा. आक्काला एकही गोष्ट आठवेना. मग ती गुळव्याला त्याच्याच गोष्टी सांगत बसली, छप्पर शाकारतानाच्या, चटणीच्या, उंबऱ्यावर ठेचकाळल्याच्या. गुळव्या एकदा असा ओरडला की मांजर दूध टाकून पळालं. दाढ फडक्यावर पडली, मागून पुवाची धार आली आणि त्यानं घट्ट मिटलेले डोळे हळूहळू उघडले.

तो सावरल्यावर पक्कडवाल्यानं त्याचं उरलेलं तोंड तपासलं. हिरड्या चांगल्या आहेत म्हणाला, या वयाच्या गूळवाल्याला इतक्या चांगल्या नसतात. काय करता? आक्कानं पाल्याचं सांगितलं. त्यानं मान डोलावली. मग विचारलं, चुळा झाल्यावर, बरं वाटल्यावर पुढं काय करता? आक्कानं मोठ्या कौतुकानं रीत सांगितली, गुळाचा खडा, अर्धा त्याला, अर्धा मला.

पक्कडवाल्यानं पक्कड खाली ठेवली. "आक्का," तो म्हणाला, "तुमचा पाला घर झाडतो आणि तुमची रीत पुन्हा दारं उघडून कचरा आत घेते. मला गिऱ्हाईक कोण पाठवतं याचा इतकी वर्षं विचार करत होतो."

आक्का परतीच्या वाटेवर गाडीवानाला एकही शिवी न देता बसून होती.

गुळव्या हिंडूफिरू लागला, काहिलीपुढं उभा राहू लागला. पाटलांचा काही ऊस आंबला, त्याची काकवी झाली. पण आक्काच्या अंगणात दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. एक-दोन बायका आल्या त्या गुळाच्या रीतीपुरत्या, आणि आक्कानं गूळ घ्यायला नकार देऊन वर खाऊही नका म्हणून सांगितल्यावर त्याही बिथरल्या. पाला गेला आणि आता रीतही मोडायला निघाली, बाईला झालंय तरी काय, असं गाव बोलू लागलं. आक्का उंबऱ्यात बसायची आणि ओरबाडलेल्या फांद्यांना फुटणारे तांबूस कोंब बघायची. गुळव्या रोज येऊन बसायचा. दुखणं नसताना माणूस अंगणात येऊन काय बोलतो हे त्या दोघांना हळूहळू शिकावं लागलं.

मग एके सकाळी पाटलीणबाई आल्या. बरोबर सासरहून आलेली मोठी लेक, गालावर हात. पाटलीणबाईंनी आत यायच्या आधी रस्त्यावर मागं-पुढं बघून घेतलं. सासरच्या गावी एक वैदू आहे म्हणाल्या, सगळ्यालाच होईल म्हणतो, केस गळले तरी होईल, म्हैस आटली तरी होईल. त्याच्याकडून लेकीला इथे आणलं, कारण त्याचा भरवसा वाटेना.

"आणि माझा वाटतो?" आक्कानं विचारलं.

"तू त्या दिवशी भरल्या गावापुढं नाही म्हणालीस," पाटलीणबाई म्हणाल्या. "तू हो म्हणालीस तर ते होच असणार. बघ जरा तिचं तोंड. पाला देतेस की पलीकडे नेऊ, तू सांगशील तसं."

आक्कानं लेकीला उन्हात बसवलं, ओठ बाजूला केला आणि इतका वेळ बघत राहिली की पाटलीणबाई स्वतःही वाकून बघू लागल्या. दात धड होते. हिरडी तेवढी फुगली होती.

"होईल," आक्का म्हणाली, आणि खुडायला उठली.

तात्पर्य : औषध कुठवर चालतं हे ज्याला ठाऊक असतं आणि तिथून पुढे 'हे माझ्यानं होणार नाही' असं जो चारचौघांत सांगतो, त्याच्याच 'होईल'वर भरवसा ठेवावा.